ऊस वाहतुकीपूर्वी जुन्या ट्रॅक्टरचा क्लच व गिअरबॉक्स मजबूत करा



दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि पावसाळ्यापूर्वी नांगरट, कुळवणी करणारा ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडला जातो. पुढील चार-पाच महिने त्याला शेतातून सडकेवर आणि सडकेवरून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत रोज भरलेली ट्रॉली ओढावी लागते. आपल्यापैकी अनेकांकडे पंधरा-वीस वर्षे वापरलेले ट्रॅक्टर आहेत. हंगामापूर्वी इंजिनाचे काम आठवणीने केले जाते; पण इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारा क्लच आणि गिअरबॉक्स मात्र बंद पडेपर्यंत कोणी उघडून पाहत नाही. मग इंजिन उत्तम असूनही ट्रॅक्टर ऐन हंगामात चढावर उभा राहतो.

अशा वेळी होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते नसते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा लागतो. त्यानंतर उसाचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. तोडणी टोळी बसून राहते, पाळी चुकते. शिवाय चढावर थांबलेली भरलेली ट्रॉली मागे घसरू लागली तर प्रश्न जिवावर बेततो. म्हणून जुना ट्रॅक्टर वाहतुकीसाठी कसा तयार करावा आणि त्याच्याकडून किती कामाची अपेक्षा धरावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

ट्रॉली ओढण्यास किती बल लागते?

सोयीसाठी ३५ अश्वशक्तीचा, २ टन वजनाचा ट्रॅक्टर आणि उसासह ६ टन भरणारी एक ट्रॉली घेऊ. दोन्हींचे वजन ८ टन होते. ही गाडी सपाट रस्त्यावर हलती ठेवण्यासाठी लागणारी ओढ साधारणपणे पुढीलप्रमाणे असते:

• चांगली डांबरी सडक (वजनाच्या सुमारे २ टक्के): १६० किलो
• घट्ट कच्चा शेतरस्ता (सुमारे ५ टक्के): ४०० किलो
• भुसभुशीत रान (सुमारे १२ टक्के): ९६० किलो
• वीस मीटर अंतरात एक मीटर चढ असल्यास वरील प्रत्येक आकड्यात आणखी ४०० किलो

म्हणजे डांबरी सडकेपेक्षा रानातून ट्रॉली बाहेर काढताना सहापट बल लागते. क्लचची खरी परीक्षा कारखान्याच्या वाटेवर होत नाही, ती आपल्याच उसाच्या फडात होते.

आता वेगाचा विचार करू. ३५ अश्वशक्तीपैकी सुमारे २८ अश्वशक्ती चाकापर्यंत पोचते असे धरा. सपाट डांबरी सडकेवर ताशी २० कि.मी. वेगाने एक ट्रॉली नेण्यास केवळ १२ अश्वशक्ती लागते. त्यामुळे ट्रॅक्टर सहज पळतो आणि आपल्याला वाटते की आणखी एक ट्रॉली जोडावी. पण वर सांगितलेला चढ लागला की एका ट्रॉलीसह वेग ताशी साडेतेरा कि.मी. पर्यंत उतरतो. तशीच दुसरी ट्रॉली जोडल्यास एकूण वजन १४ टन होते आणि तोच ट्रॅक्टर ताशी जेमतेम पावणेआठ कि.मी. वेगाने चढू शकतो. त्याहून जलद चढण्याचा प्रयत्न केल्यास इंजिन दबते. मग चालक क्लच अर्धा दाबून इंजिन जिवंत ठेवतो आणि क्लच जळण्यास तेथूनच सुरुवात होते.

क्लच का जळतो?

इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या दाबाने घट्ट धरलेली असते. ती पूर्ण धरलेली असेल तर तिची झीज होत नाही. पूर्ण सुटलेली असेल तरीही होत नाही. झीज होते ती या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे प्लेट घासत असताना. या घासण्यातून निघणारी उष्णता प्लेटचे अस्तर जाळते, फ्लायव्हीलवर निळे डाग व बारीक तडे पाडते आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांचा ताण कमी करते. स्प्रिंग नरम पडल्या की प्लेट आणखी घसरते. हे चक्र एकदा सुरू झाले की क्लच फार दिवस टिकत नाही.

उभी ट्रॉली हलवताना क्लच थोडा घासणारच. पण किती घासावा हे आपल्या हाती असते. ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४ कि.मी. च्या गिअरमध्ये गाडी उठवण्याऐवजी ताशी १२ कि.मी. च्या गिअरमध्ये उठवली तर वेग तिप्पट, पण वजनाला गती देताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता नऊपट होते. म्हणून भरलेली ट्रॉली नेहमी लो गिअरमध्येच उठवावी. या एका सवयीने क्लचचे आयुष्य जितके वाढते तितके महागड्या सुट्या भागांनीही वाढत नाही.

हंगामापूर्वी क्लचची तपासणी

१. पेडलची मोकळी चाल: पेडल हाताने दाबल्यावर दाब लागेपर्यंत ते जितके खाली जाते तिला मोकळी चाल म्हणतात. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ती साधारण २५ ते ३५ मि.मी. असते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तिकेत पाहावा. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. ती संपली की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या लिव्हरवर कायम टेकून राहते आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट सुटलेला राहतो. हंगामात ही चाल दर आठवड्यास मोजावी.

२. घसरण्याची चाचणी: ट्रॉली सोडून ट्रॅक्टर सपाट, मोकळ्या जागी उभा करावा. पुढे कोणीही उभे राहू नये. पार्किंग ब्रेक पक्का लावावा. वरचा गिअर टाकून, इंजिन मध्यम गतीवर ठेवून पेडल सावकाश सोडावे. इंजिन बंद पडल्यास क्लच चांगला धरतो असे समजावे. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिल्यास क्लच घसरत आहे. तसे दिसताच पेडल लगेच दाबावे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये, कारण तिनेही प्लेट तापते.

३. सुटण्याची चाचणी: पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे व गिअर टाकावा. करकर असा आवाज आल्यास क्लच पूर्ण सुटत नाही. मोकळी चाल जास्त असणे, प्लेट वाकलेली असणे किंवा लिव्हर एका उंचीवर नसणे ही त्याची कारणे असतात.

४. तेलाचा शोध: क्लचच्या घराखाली पाणी व तेल निघून जाण्यासाठी छिद्र असते. तेथून तेल ठिबकत असेल तर इंजिनाचे मागील ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील गळत आहे. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये. अस्तरात मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा बाहेर येते. आधी सील, मग प्लेट असा क्रम ठेवावा.

प्लेट बदलताना

क्लच खोलण्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. एवढी मजुरी देऊन केवळ प्लेट बदलणे ही खोटी काटकसर आहे. त्याच वेळी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंग, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही सील तपासून घ्यावीत. शंका असल्यास बदलावीत. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर लेथवर त्याचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा. तडे खोल असतील तर फ्लायव्हील बदलावे. लिव्हरची उंची मापकाने सारखी करून घ्यावी.

अलीकडे सिरॅमिक किंवा धातुमिश्रित बटणांच्या क्लच प्लेट मिळतात. साध्या अस्तरापेक्षा त्या जास्त उष्णता सोसतात आणि सतत वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरला उपयोगी पडतात. परंतु त्या एकदम धरतात. पेडल झटक्याने सोडणाऱ्या चालकाच्या हाती अशी प्लेट दिल्यास पूर्वी प्लेटवर जाणारा झटका आता गिअरच्या दातांवर जातो. आपल्या ट्रॅक्टरच्या उत्पादकाने त्या मॉडेलसाठी अशी प्लेट दिली असेल तरच, त्याच मापाच्या प्रेशर प्लेटसह ती बसवावी.

गिअरबॉक्स आणि तेल

गिअरबॉक्सचे तेल दातांमध्ये पातळ थर धरते, उष्णता वाहून नेते आणि झिजलेले धातूचे कण तळाशी नेते. ते बदलण्याची मुदत अनेक ट्रॅक्टरमध्ये सुमारे १००० तासांची असते. जुन्या ट्रॅक्टरचे तेल गेल्या काही वर्षांत कधी बदलले हेच आठवत नसेल, तर तासांचा हिशेब न करता ते हंगामापूर्वी बदलावे.

तेल ट्रॅक्टर चालवून गरम असताना काढावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. काढलेले तेल नीट पाहावे. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तळाच्या चुंबकीय बुचावर मऊ, राखाडी लगदा असणे स्वाभाविक आहे. धातूच्या कपच्या किंवा दाताचा तुकडा सापडला तर मात्र नवीन तेल भरून ट्रॅक्टर कामाला लावू नये, गिअरबॉक्स उघडावा.

कोणते तेल भरावे हे दुकानदाराला न विचारता माहिती पुस्तिकेत पाहावे. काही ट्रॅक्टरना ९० ग्रेडचे गिअर तेल लागते. काहींमध्ये गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असते आणि त्यासाठी वेगळ्या प्रकारचे तेल ठरलेले असते. अशा ट्रॅक्टरमध्ये 'जाड तेल म्हणजे मजबूत तेल' या समजुतीने भलतेच तेल भरल्यास ब्रेक आणि हायड्रॉलिक दोन्ही बिघडतात. तेलाची पातळी खुणेपर्यंतच ठेवावी. गिअरबॉक्सची हवा जाण्याची वाट मातीने बुजलेली असेल तर आत दाब वाढून तेल सीलमधून बाहेर पडते आणि थेट क्लचपर्यंत पोचते. ही लहानशी वाट साफ ठेवण्यास काहीही खर्च येत नाही.

चढावर किंवा उतारावर गिअर आपोआप सुटत असेल तर चालकाने तरफ हाताने धरून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याचे कारण नरम पडलेली स्प्रिंग, झिजलेला फोर्क किंवा दातांची झिजलेली कड यांपैकी काही तरी असते. उतारावर गिअर सुटला तर इंजिनाचा रोध एका क्षणात नाहीसा होतो. असा ट्रॅक्टर दुरुस्तीशिवाय ट्रॉलीला जोडूच नये. तुटलेले दात वेल्डिंगने भरून घेऊ नयेत. क्राउन व पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत.

ताकद वाढवण्याचे दोन चुकीचे उपाय

पहिला उपाय डिझेल पंपाचे सील तोडून 'पंप वाढवण्याचा'. इंजिनाला जास्त डिझेल मिळते, ओढ थोडी वाढते आणि सोबत काळा धूर येतो. पण क्लच व गिअर यांची रचना ठराविक बलासाठी केलेली असते. इंजिनाचे बल वाढवून जुना क्लच तसाच ठेवणे म्हणजे जुन्या दोराला मोठा बैल बांधण्यासारखे आहे.

दुसरा उपाय चाकांत पाणी भरण्याचा आणि जादा वजने लावण्याचा. नांगरटीत चाक फिरू नये म्हणून हे प्रमाणात करणे योग्यच आहे. परंतु हेही लक्षात घ्यावे की चाक जागेवर फिरते तेव्हा ते गिअरचा बचाव करत असते. चाकावर भरमसाट वजन घातले की ते फिरत नाही आणि सगळा ताण डिफरन्शियल व मागील ॲक्सलवर येतो. भुसभुशीत रानात २ टनांचा ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओढ क्वचितच देतो. म्हणून रानातून एका वेळी एकच ट्रॉली बाहेर काढावी. ती निघत नसेल तर निम्मा ऊस रानात व उरलेला सडकेवर भरावा. चाक फिरू लागल्यास डिफरन्शियल लॉक सरळ रेषेतच वापरावा व वळण्यापूर्वी काढावा.

ट्रॉलीकडेही पाहा

ट्रॅक्टरवरील बराचसा ताण ट्रॉलीच कमी किंवा जास्त करत असते. चाकांचे बेअरिंग ग्रीसअभावी कोरडे असणे, टायरमध्ये हवा कमी असणे, ॲक्सल वाकडा असणे या दोषांमुळे ट्रॉली जड चालते. जोडणीची पिन व भोके झिजून मोठी झाली असतील तर प्रत्येक वेळी निघताना व थांबताना गिअरला हिसका बसतो. भोकात बुश बसवून घ्यावे. पिन योग्य मापाची, कठीण पोलादाची व खालून क्लिप लावलेली असावी. सोबत सुरक्षा साखळी लावावी.

ट्रॉली ठरवून दिलेल्या ड्रॉबारलाच जोडावी. मागील ॲक्सलपेक्षा उंच ठिकाणी जोडल्यास जोराच्या ओढीत पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. दुचाकी ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूस जास्त भरल्यास ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होऊन स्टिअरिंग लागत नाही, तर मागे जास्त भरल्यास मागील चाके हलकी होऊन फिरतात. भार सारखा वाटलेला असावा.

चढ आणि उतार

जुन्या ट्रॅक्टरमध्ये चालत्या गाडीत गिअर बदलणे कठीण असते. म्हणून चढाच्या पायथ्याशीच योग्य तो लो गिअर टाकावा आणि माथ्यापर्यंत तोच ठेवावा. मध्ये थांबावे लागल्यास क्लचवर गाडी तोलून धरू नये. ब्रेक लावावा आणि ट्रॉलीच्या चाकांमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. ठोकळे नेहमी ट्रॅक्टरवर ठेवावेत. गाडी चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय मोडावी.

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून गाडी सोडणे हे अपघाताला निमंत्रण आहे. सडकेवर जाण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडावीत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्यावर चढते.

शेवटी मर्यादा ब्रेकची

क्लच नवीन आहे, गिअर चांगले आहेत, मग दोन ट्रॉल्या का नकोत, असा प्रश्न आपण विचाराल. याचे उत्तर ब्रेक देतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर सगळे वजन ट्रॅक्टरच्या दोन मागील चाकांनी थांबवावे लागते. कोरड्या सडकेवर या चाकांना ८०० किलोपर्यंत रोध मिळतो आणि चालकास ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागतो असे धरल्यास, ताशी २० कि.मी. वेगाची गाडी थांबण्यास सुमारे पुढील अंतर लागते:

• सपाट सडक, एक ट्रॉली: १९ मीटर
• सपाट सडक, दोन ट्रॉल्या: २६ मीटर
• विसास एक उतार, एक ट्रॉली: २८ मीटर
• विसास एक उतार, दोन ट्रॉल्या: ६४ मीटर

सडक ओली असेल किंवा ब्रेक झिजलेले असतील तर हे अंतर याहून बरेच वाढते. चौसष्ट मीटरमध्ये गावातील शाळेपासून एस.टी. थांब्यापर्यंतचा भाग येऊ शकतो. आपल्या ट्रॅक्टरने किती ओढावे हे इंजिनावरून ठरवू नका. वाटेवरील सर्वांत तीव्र उतारावर तो किती वजन थांबवू शकतो यावरून ठरवा. नोंदणी पुस्तकात लिहिलेला भार आणि माहिती पुस्तिकेत दिलेली ट्रॉलीची मर्यादा ओलांडू नका. ट्रॅक्टरची ओढ, शक्ती व ब्रेक यांच्या चाचण्या मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत घेतल्या जातात. आपल्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळाल्यास तोही अवश्य पाहावा.

ट्रॉलीला ब्रेक बसवून घेणे, मागे लाल दिवा व परावर्तक पट्ट्या लावणे हा खर्च टाळू नका. उसाच्या भाऱ्यावर, ट्रॉलीच्या दांड्यावर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तोडणी कामगारांना, विशेषतः मुलांना, बसू देऊ नका.

थोडक्यात

हंगामापूर्वी क्लचच्या चाचण्या घ्या, तेल बदला, गळती बंद करा, ट्रॉलीची चाके व पिन दुरुस्त करा आणि ब्रेक सारखे लावून घ्या. हंगामात दर आठवड्यास पेडलची मोकळी चाल, तेलाची पातळी व पिन पाहा. ट्रॅक्टर पगारी चालकाच्या हाती असेल तर हा लेख त्यालाही वाचून दाखवा, कारण क्लच वाचवायचा की जाळायचा हे शेवटी त्याच्या डाव्या पायावर अवलंबून असते. जुना ट्रॅक्टर जोर वाढवून मजबूत होत नाही. झिजलेले भाग मूळ मापात आणले आणि त्याच्या बेताचेच ओझे दिले, तर तो गाळप हंगाम संपेपर्यंत बिनतक्रार साथ देईल.